घोरपडीची जागा

घरात काही वस्तू आपण साठवत नाही, त्या आपोआप साठतात. कापडी पिशव्या, झाकण हरवलेले डबे, एका कानातलं कर्णफूल. आमच्या पडवीचे किस्से असेच साठले. पण हळदीकुंकवाला चार बायका जमल्या की कुणीतरी म्हणतंच, "वहिनी, तो बेडकाचा सांगा ना." बेडकाचा सांगितला की धामणीचा सांगावा लागतो, धामणीचा झाला की घरमालकांचा, आणि माझा चहा दर वेळी गार होतो. म्हणून एकदाचे लिहूनच काढते.

गोष्ट ऐंशी सालच्या आगेमागची. पोलादपूरला नदीकडच्या आळीत आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहायचो. मी, माझ्या सासूबाई, म्हणजे माई, आणि आमचे हे. हे एका शेठच्या मालट्रकवर ड्रायव्हर होते. कधी भात, कधी मीठ, कधी कौलं. कशेडी घाट यांच्या इतका अंगवळणी पडलेला की कुठल्या वळणावर बिडी पेटवायची हेसुद्धा ठरलेलं.

त्या वर्षी ज्येष्ठात त्याच घाटात यांच्या पुढ्यात दरड आली. अगदी पुढ्यात. चिखल बॉनेटपर्यंत येऊन थांबला. यांना खरचटलंसुद्धा नाही. घरी आले, ओले कपडे बदलले, ट्रकची किल्ली देवघरात बाळकृष्णाच्या शेजारी ठेवली आणि म्हणाले, "घोरपड आडवी आली म्हणून ब्रेक मारला. नायतर दरड माझ्या डोक्यावर होती."

बस्स. त्यानंतर यांचं बोलणंच बंद झालं. स्टेअरिंगला हात लावायचा नाही, घाटाचं नाव काढायचं नाही. भातगिरणीवर पोत्यांचं वजन करायला जाऊ लागले. पावसाळ्यात माल कमी, म्हणून ट्रक त्याच गिरणीच्या शेडमध्ये उभा होता. हे दिवसभर त्याच्याकडे पाठ करून उभे राहायचे.

शेठ माणूस भला. म्हणाला, "दसऱ्यापर्यंत थांबतो. दसऱ्याला जो ड्रायव्हर गाडीची पूजा करील, तो गाडीवर."

आषाढी एकादशी आली. आमच्या घरी चातुर्मासात गोपद्मांचा नेम असतो. रोज सकाळी देवापुढे रांगोळीनं गाईची पावलं काढायची. त्या दिवशी रांगोळीची चिमूट हातात घेतली आणि माझ्या मनात आलं, गाईचे उपकार म्हणून आपण तिची पावलं काढतो. मग त्या घोरपडीचं काय? माझं कुंकू तिनं राखलं. तिची पावलं कोण काढणार?

पण घोरपड मी जन्मात पाहिली नव्हती. न पाहता काढली तर ते देवाला खोटं बोलल्यासारखं झालं असतं. मी हात जोडून म्हटलं, "देवा, ज्यानं जे पाहिलं त्यानंच ते काढावं. घोरपड हे काढतील तेव्हा काढतील. मी रोज तुझा एक तरी जीव माझ्या डोळ्यांनी बघीन, हातानं काढीन आणि मगच जेवीन. ही किल्ली तुझ्याजवळून उचलली जाईपर्यंत."

नेम माईंना सांगितला. त्या म्हणाल्या, "बरा नेम हाय. पण मोरबिर शोधत बसू नको. कोंबडी काढ नि येळेवर जेव."

* * *

कोंबडी पहिल्याच दिवशी झाली. मग पाल, कावळा, शेजारची म्हैस. एकदा काढलेला जीव परत काढायचा नाही, असं मीच वर वाढवून ठेवलेलं. त्यामुळे घरातले जीव लवकरच संपले आणि मला छत्री घेऊन बाहेर पडावं लागलं.

एका दुपारी मोठा पिवळा बेडूक दिसला. मी पाटी-पेन्सिल घेऊन बसले की तो उडी मारायचा. मी उठून पुढं बसले की परत उडी. असं करत करत तो कुंपणातून पलीकडे गेला आणि त्याच्या मागं मीही. पलीकडे सुमनबाईंचं परसू. सुमनबाई शाळेत शिक्षिका. घरात बुद्धाची तसबीर, व्रतवैकल्यांशी संबंध नाही, आणि आमची ओळख तोवर नळावरची.

त्या दारात आल्या तर मी चिखलात गुडघे टेकून.

"वहिनी, काय हरवलं?"

"माझं जेवण," मी म्हटलं. "तुमच्या अळवात बसलंय."

सुमनबाईंनी अळवाखाली वाकून पाहिलं. बेडूक. मग माझ्याकडे पाहिलं. आवाज अगदी खाली आणून म्हणाल्या, "घरात तांदूळ संपलेत का? संकोच करू नका हो."

खरी हकिकत कळल्यावर त्या जोत्यावर बसून पोट धरून हसल्या. मग डोळे पुसून म्हणाल्या, "उपास मला जमायचा नाही. पण रंग आहेत माझ्याकडे, आणि दुपारी शाळेतून आले की वेळही आहे." दुसऱ्या दिवसापासून आमच्या पडवीत दोघी बसू लागलो. त्यांचे पुडीतले रंग, माझे घरचे: गेरू, चुना, हळद आणि काजळ. पडवीच्या भिंतीवर आम्ही गेरूनं चौकटी आखल्या आणि आधीचे जीवही त्यांत उतरवले. दाराजवळची पहिली चौकट रिकामी ठेवली. ती घोरपडीची जागा.

माई रोज सकाळी देवपूजा झाली की पडवीत येऊन एकेका प्राण्याला हळदकुंकू लावायच्या. पालीला, कावळ्याला, बेडकाला. रिकाम्या चौकटीलाही. "यायची हाय ती," म्हणायच्या.

* * *

नागपंचमीला पाटावर चंदनानं नाग काढायचा मान माझा असे. दरवर्षी मी पाच फण्यांचा, डोळे वटारलेला नाग काढायची, जसा माझ्या आईनं शिकवला तसा. त्या वर्षी पाट पुढं घेतला आणि अडले. नाग मी पाहिलाच नव्हता. पाहिली होती ती धामण, चार दिवसांपूर्वी, लाकडांच्या ढिगात.

मग मी धामण काढली. लांबलचक, पिवळसर, सरळ डोक्याची.

माई लाह्या-दूध घेऊन आल्या आणि पाटापाशी थबकल्या. "फणा कुठं हाय गो?"

"धामणीला फणा नसतो, माई."

"म्हंजे आज धामणपंचमी?"

आळीतल्या बायका पूजेचं तबक घेऊन दारात उभ्या. कुणी पुढं येईना, कुणी मागं जाईना. सुमनबाई कोपऱ्यात रंग कालवत होत्या, त्यासुद्धा थांबल्या.

माईंनी पाटाभोवती एक फेरी मारली. वाकून धामणीचं तोंड निरखलं. मग मोठ्यानं म्हणाल्या, "नागाला दरवर्षी बोलावणं असतंय. हिला कोण बोलावतंय? शेतातले उंदीर तर हीच खाते." आणि बसून त्यांनी धामणीला हळदकुंकू वाहिलं, लाह्या वाहिल्या. मागून सगळ्या बायकांनी वाहिल्या.

उठता उठता माझ्या कानाशी म्हणाल्या, "दूध मात्र आर्धंच ठेव. नागाला कळलं तर वाईट दिसंल."

* * *

एक गोष्ट मला त्या महिन्यांत समजली. चित्र काढायचं म्हटलं की बघावं लागतं. चाळिशी जवळ आली होती माझी. वर्षानुवर्षं पितरांच्या पानाला कावळ्याची वाट पाहिली, पण कावळ्याची मान राखाडी असते हे मला पाटी हातात घेतल्यावर कळलं. खेकडा आधी डोळे आत घेतो आणि मग पाय. मुंगूस थांबतं तेव्हा मागचे पाय टेकून आपल्यासारखं उभं राहतं. एकदा असं बघितलं की तो जीव परका राहत नाही. नदीवर कपडे धुताना मी एकटी नसायची.

पण आमचे हे मात्र तसेच. गिरणीवरून यायचे, जेवायचे, पडवीतून आमच्या पाठीमागून जायचे, भिंतीकडे न बघता.

एक दिवस मी खंड्या काढत होते. पाठ निळी, डोकं तपकिरी, छाती पांढरी. पाय काजळानं काळे केले. मागून आवाज आला.

"लाल असतात."

आम्ही दोघी दचकलो. हे दारात उभे.

"काय लाल?"

"पाय. खंड्याचे पाय लाल असतात. तारेवर बसलेला बघ कधी." आणि आत निघून गेले.

कित्येक दिवसांनी यांनी न विचारता काढलेले ते पहिले शब्द. मी काजळ पुसून गेरू घेतला. सुमनबाईंनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. त्या कुजबुजल्या, "वहिनी, उद्या बगळा चुकवू या."

बगळ्याची चोच काळी केली. हे म्हणाले, "म्हशीवर बसतो त्याची पिवळी." सापाच्या अंगावर पट्टे उभे काढले. "आडवे असतात." सुतारपक्ष्याला फांदीवर आडवा बसवला. "खोडाला चिकटतो तो, उभा." आमच्या चुका वाढत गेल्या तसं यांचं बोलणं वाढत गेलं. इतकी वर्षं केबिनमधून या माणसानं काय काय पाहिलं होतं, आणि आम्हाला वाटायचं ट्रक चालवणाऱ्याला फक्त रस्ता दिसतो.

मग एके दिवशी भिंतीवर वानर आलं. काळं तोंड, लांब हात, शेपूट नाहीच.

हे आले. बराच वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "चुका मुद्दाम करताय ते मला पहिल्या बगळ्यापासून कळतंय. पण वानराची शेपूट विसरून हनुमानाला काय तोंड दाखवणार तुम्ही?"

आम्ही दोघी माना खाली घालून बसलो. कोपऱ्यातून माई म्हणाल्या, "मुद्दाम कसली रे? वानर मी काढलाय. भिंत सपली."

* * *

गौरींच्या दिवसांत आमचे घरमालक तात्या आले. पडवीत पाऊल टाकलं आणि चष्मा काढून पुसला.

"ही भिंत मी गेल्या दिवाळीला चुन्यानं रंगवून घेतली होती."

"हो, तात्या," मी म्हटलं.

"आता तिच्यावर पाल आहे."

"पाल आधीही होती, तात्या. आता हलत नाही एवढंच," सुमनबाई म्हणाल्या.

तात्यांचा पारा चढला. "हे सगळं पुसून टाका."

माई आत गेल्या. ओलं फडकं घेऊन आल्या आणि तात्यांच्या हातात ठेवलं. "पुसा. घर तुमचं हाय. आम्ही कुंकू लावलेलं आमच्यानं पुसवत नाय, तुम्ही पुसा."

तात्या फडकं घेऊन भिंतीपुढं उभे राहिले. बेडकाला कुंकू, मुंगसाला कुंकू, धामणीला कुंकू, खाली तिन्हीसांजेची पणतीही. ते एका चौकटीपासून दुसरीकडे सरकत गेले. फडक्याचं पाणी त्यांच्या धोतरावर ठिबकत होतं. पहिल्या चौकटीपाशी थांबले.

"इथं तर काहीच नाही. मग कुंकू कुणाला?"

"घोरपडीला," माई म्हणाल्या. "आमच्या पोराला वाचवलंन तिनं. तो काढणार हाय तिला. बरा झाला की."

तात्यांनी चष्मा परत पुसला. फडकं पिळून वलणीवर टाकलं, जोडे घातले, अंगणापर्यंत गेले आणि तिथून वळून म्हणाले, "एवढ्या सगळ्यांना काढलंत. आमच्या मोत्यानं काय घोडं मारलंय?"

दुसऱ्या दिवशी मोत्या आला, साखळीला धरून स्वतः तात्या. कुत्रं क्षणभर जागेवर बसेल तर शपथ. शेवटी जेवढं दिसलं तेवढं काढलं. त्यामुळे त्या चौकटीत मोत्याची शेपटी आहे, एक कान आहे आणि तात्यांचं मनगट मात्र अगदी हुबेहूब आलंय.

* * *

नवरात्राच्या तोंडावर शेठ आला. सोबत दोन हमाल, आणि त्यांच्या खांद्यावर ट्रकचा मागचा फाळका, म्हणजे माल अडवणारी फळी. लाकूड नवीन घातलेलं, वर निळा रंग. त्यांनी तो पडवीत भिंतीला टेकवला, खाली ऑइल पेंटचे डबे ठेवले.

"वहिनी, गावभर तुमच्या भिंतीचं ऐकतोय. दसऱ्याला गाडी सजायला हवी. मागं वाघ काढून द्या. जबडा उघडलेला."

"वाघ मी पाहिला नाही, शेठ."

"कॅलेंडर आणून देतो."

"कॅलेंडर पाहिलं तर कॅलेंडर पाहिलं होईल. वाघ कसा होईल?"

शेठनं कपाळाचा घाम पुसला. "बरं, मग पाहिलंय तरी काय तुम्ही?"

"बेडूक. धामण. मुंगूस. खेकडा छान आलाय माझा."

"अहो, माझी गाडी मुंबईला जाते. मागं खेकडा बघून लोक काय म्हणतील?"

आतून आमच्या यांचा आवाज आला. "म्हणतील, गाडी तिरकी जाते."

शेठ हसला. मग त्याच्या लक्षात आलं की कोण बोललं, आणि तो हसायचा थांबला. निघताना अंगणात मला हळूच म्हणाला, "बोलायला लागला. देव पावला तुम्हाला. पण वहिनी, महाडचा एक ड्रायव्हर सांगून ठेवलाय मी. दसऱ्याला तो येईल. माझाही इलाज नाही."

त्या दिवशी फुलपाखरू काढलं, पण जेवण गेलं नाही. देवघरात किल्ली होती तिथंच होती. माई देवांबरोबर तिलाही रोज हळदकुंकू वाहायच्या. बाळकृष्णापेक्षा तीच जास्त नटलेली.

* * *

नवरात्रातली एक सकाळ. ऊन चांगलं पडलेलं. हे गिरणीवर निघत होते, तोच पलीकडच्या वाडीतला पांडू अंगणात आला. त्याच्या काठीला काहीतरी बांधलेलं होतं.

"ड्रायव्हरदादा, घोरपड आणलीय. जित्ती हाय. कंबरेला हिच्या चरबीसारखं औषध नाय."

त्यानं काठी खाली ठेवली. पाय पाठीवर वळवून दोरीनं आवळलेले. अंग जुन्या जांभ्या दगडासारखं खडबडीत, गळ्याला म्हातारीसारख्या वळ्या. ओरडणं नाही, तडफडणं नाही. नुसती जीभ बाहेर यायची आणि आत जायची, आणि डोळा आमच्यावर.

हे अंगणातच खाली बसले. घोरपड यांच्याकडे बघत होती, हे घोरपडीकडे.

माईंनी मला कोपरानं ढोसलं. "बघितलीस ना? आता काढ. भरून टाक ती चौकट."

"नाही, माई. ही ती नव्हे. ती यांनी पाहिलीय."

हे म्हणाले, "सोड तिला, पांडू."

"सोडू? कालपासनं बिळापाशी बसलोय मी, दादा."

हे उठले. आत गेले आणि खुंटीवरचा रबरी रेनकोट घेऊन आले. घाटात घालायचा, पायघोळ, अजून नवा. तो पांडूच्या हातात दिला. पांडूनं तिथंच भर उन्हात घालून बघितला, बटणं लावली आणि दोरी सोडायला वाकला.

"थांब," हे म्हणाले. "इथं सोडली तर सांजच्याला तू परत धरशील."

"दिसली तर धरीन," पांडू प्रामाणिकपणे म्हणाला.

"कुठं गावली तुला?"

"कशेडीच्या पायथ्याला."

"मग वर नेऊन सोडाया पायजे. घाटात."

घाट हा शब्द यांच्या तोंडून ज्येष्ठानंतर पहिल्यांदा निघाला. हे हातपाय धुऊन देवघरात गेले. आम्हाला दिसत नव्हतं. पळीभांड्याचा आवाज आला. बाहेर आले तेव्हा मुठीत किल्ली होती.

"चल," मला म्हणाले. "पोतं तू धर."

गिरणीत सगळे वजनकाटा सोडून बघत राहिले. शेठचा माणूस त्याच्याकडच्या दुसऱ्या किल्लीनं मधूनमधून गाडी सुरू करून ठेवायचा, त्यामुळे गाडी तयार होती. हे चढले. मी पोत्यातली घोरपड पायाशी घेऊन शेजारी बसले. यांनी डोळे मिटले, हात जोडले, किल्ली लावली.

किल्ली आत जाईना.

परत लावली. जाईना. यांनी हात मागं घेतला. "बघ, त्याची इच्छा नाय," हे म्हणाले.

मी किल्ली हातात घेतली. तिच्या एकेका दातात चार महिन्यांचं हळदकुंकू घट्ट बसलेलं! मी अंबाड्यातला आकडा काढला आणि दात कोरत बसले. खाली कुंकवाचा ढीग झाला. "त्याची इच्छा आहे हो," मी म्हटलं. "पूजा जरा जास्त झाली, इतकंच."

गाडी सुरू झाली.

पायथ्यापर्यंत ठीक होतं. चढ लागला तशी यांची बोटं स्टेअरिंगवर आवळत गेली. दरडीच्या वळणाच्या अलीकडे यांनी गाडी बाजूला घेतली आणि थांबवली. पुढं नवी खडी टाकलेला रस्ता, डोंगराच्या अंगावर लाल ओरखडा. हे समोर बघत राहिले. कपाळावरून घाम गळ्यात उतरला. मागून एक ट्रक हॉर्न देत निघून गेला. मी मनात रामरक्षा सुरू केली, तर मधली ओळ आठवेना.

तेवढ्यात तारेवर खंड्या येऊन बसला.

मी म्हटलं, "अहो, याचे पाय निळे आहेत."

यांनी मान वळवली नाही. "लाल," म्हणाले, आणि गिअर टाकला.

वळणाच्या पलीकडे, जिथं झाडी दाट आहे तिथं उतरलो. यांनी दोऱ्या कापल्या. घोरपड लगेच पळाली नाही. पाय मोकळे करत एका दगडावर चढली, मान उंच करून उन्हाला बसली, जसं काही आम्हीच तिच्या दारात आलो होतो. मग सावकाश शेपूट ओढत वर निघून गेली. यांनी तिला हात जोडले. मी तिच्या पावलांचे ठसे शोधले. ओल्या मातीत दोन उमटले होते. तिथंच वाकून कपाळ टेकलं.

* * *

घरी आल्यावर यांनी चहासुद्धा घेतला नाही. ब्रश मागितला. सुमनबाई शाळेतून येऊन बसल्याच होत्या, त्यांनी आपला सगळ्यात चांगला ब्रश पुढं केला. हे रिकाम्या चौकटीपाशी गेले, उभे राहिले. मग म्हणाले, "हितं नको. मागच्या गाडीवाल्यांना दिसाया पायजे." आणि फाळक्यापुढं मांडी घातली.

संध्याकाळपर्यंत काढत होते. आम्हाला जवळ येऊ दिलं नाही. बाजूला झाले तेव्हा आम्ही तिघी पुढं सरसावलो.

उन्हापावसात पडलेल्या लोडाला एका बाजूनं चारही पाय फुटले तर तो जसा दिसेल, तशी ती घोरपड होती. डोळा बशीएवढा.

माईंनी पदर तोंडाला लावला. सुमनबाई इतक्या महिन्यांच्या चुकांचा हिशेब चुकता करायला तयारच होत्या. म्हणाल्या, "भाऊ, शेपूट फार आखूड आहे. घोरपडीची लांब असते."

"फाळका सपला," हे म्हणाले.

शेठ आला, कमरेवर हात ठेवून बघत राहिला. "वाघापेक्षा भयंकर आहे," म्हणाला, आणि फाळका गाडीला लावायला सांगितला. दसऱ्याला झेंडूचे हार घालून, नारळ फोडून गाडीची पूजा यांनीच केली. महाडचा ड्रायव्हर आला होता, तो जेवून, सोनं वाटून गेला. माईंनी ताम्हनातून कुंकू आणलं. किल्लीला अगदी टिकलीएवढं लावलं आणि उरलेलं घोरपडीच्या कपाळावर.

किल्ली उचलली गेली तेव्हाच माझा नेम पुरा झाला होता. पण कार्तिकीपर्यंत मी चित्रं काढतच राहिले, आणि खरं सांगायचं तर अजून काढते आहे. भिंतीवरची पहिली चौकट आम्ही कधी भरली नाही. तिथलं कुंकू मात्र चुकलं नाही.

* * *

आता शेवटचा. हा माझा सगळ्यात लाडका.

पुढच्या वर्षीच्या आषाढातली गोष्ट. मला खेडला माहेरी सोडायला हे ट्रकनंच निघाले होते. कशेडीत थोडी माती रस्त्यावर आलेली, ती काढेपर्यंत गाड्यांची रांग. पाऊस उघडला होता. आम्ही टपरीवर चहा घेत उभे होतो. मागच्या ट्रकचा ड्रायव्हर उतरून आला. घाटावरचा असावा, डोक्याला फेटा. तो आमच्या फाळक्यापुढं उभा राहून बराच वेळ मान वाकडी करून बघत होता. मग टपरीपाशी आला.

"उस्ताद, मागं काय काढलंय? मगर हाय का?"

"नाय," हे म्हणाले.

"सरडा?"

"नाय."

"मग हाय तरी काय ते?"

यांनी बशीतला शेवटचा घोट घेतला, बशी टपरीवर ठेवली आणि वर डोंगराकडे एकदा बघितलं.

"माझा ब्रेक हाय तो," म्हणाले.